मर्फीचं निळं पुस्तक : घ्या, पण सव्विसाव्या धड्यापासून उघडा

नव्याने इंग्लंडात आलेलं कुणी मराठी माणूस ‘इंग्रजी सुधारायला काय वाचू?’ असं विचारतं, तेव्हा मी एकच नाव सांगते: रेमंड मर्फी यांचं केंब्रिजचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’. निळं, जाडजूड, १९८५ पासून चालत आलेलं. सध्याची पाचवी आवृत्ती २०१९ची. एकूण १४५ धडे, डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर स्वाध्याय. पहिल्या धड्यापासून शहाण्या मुलासारखं सुरू करायची काही गरज नाही. २६ ते ३७ हे बारा धडे आधी काढा. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, वुड ही सगळी मंडळी तिथे बसली आहेत. काळ चुकला तर इथे कुणी मनावर घेत नाही. ही मंडळी चुकली की माणूस उद्धट वाटतो, नाहीतर औषध चुकतं.

औषधाचं उगाच नाही म्हणत. लेस्टरमध्ये एका फार्मसीच्या काउंटरवर मी दिवसभर उभी असते. मुलाकडे राहायला आलेले एक काका सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या न्यायला आले होते. त्या गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास दूध चालत नाही. काकांनी खात्री करून घ्यायला विचारलं, ‘सो आय डोन्ट हॅव टू टेक मिल्क?’ आमची इंग्रज फार्मासिस्ट म्हणाली, ‘नो, यू डोन्ट हॅव टू.’ बरोबरच बोलली बिचारी. तिच्या कानाला ‘दूध घेतलंच पाहिजे का?’ असं ऐकू गेलं. काकांना विचारायचं होतं ‘घ्यायचं नाही ना?’ मी मध्ये पडून मराठीत सांगितलं, ‘काका, दोन तास दूध अजिबात नको. चहासुद्धा कोरा.’ धडा ३१मध्ये नेमकं हेच आहे: मस्टन्ट म्हणजे करायचं नाही, डोन्ट हॅव टू म्हणजे नाही केलं तरी चालेल. हा एक धडा जरी केलात तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

मर्फींची खुबी अशी की ते व्याख्या देत बसत नाहीत. छोटा प्रसंग, एखादं चित्र, दोन वाक्यं, की झालं. शाळेत आपण ‘शुड म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित’ असं घोकलं. इथे मात्र ‘शुड हॅव’ आणि ‘कुड हॅव’ वापरात दिसतात, आणि आपल्याकडचंच काहीतरी आठवतं. ‘यू कुड हॅव टोल्ड मी!’ म्हणजे ‘अगं, सांगायचंस तरी!’ धडा ३०मधलं ‘माइट ॲज वेल’ म्हणजे आपलं ‘आलेच आहे तर घेऊनच जाते’. धडा ३६मधलं जुन्या सवयींचं ‘वुड’ म्हणजे ‘आजी रोज सांगायची’मधलं ‘सांगायची’. मराठी माणसाला या वाटा ओळखीच्या आहेत, फक्त कुणी दाखवून दिलेल्या नसतात. दारावरची बेल वाजली की इंग्रज म्हणतात, ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ आपण काय म्हणतो? ‘पोस्टमन असेल.’ मी गिऱ्हाइकाला म्हणते, ‘दॅट विल बी नाइन नाइन्टी, प्लीज.’ पैसे आत्ताच हवे असतात, उद्या नव्हे!

आता तक्रार. पुस्तकात सगळे जण स्पष्ट बोलतात. लेस्टरमध्ये तसं कुणी बोलत नाही. ‘यू माइट वॉन्ट टू टेक दिस विथ फूड’ हे ऐकून नवखा माणूस म्हणतो, नाही, मला तसं काही वाटत नाहीये. खरं तर ती सूचना आहे: जेवणाबरोबरच घ्या. ‘इफ यू’ड लाइक टू टेक अ सीट’ एवढं बोलून रिसेप्शनिस्ट गप्प बसते. पुढे काही येत नाही, वाट बघू नका, बसा. आणि ‘यू मस्ट कम राउंड फॉर डिनर’ यातला मस्ट फार मनावर घेऊ नका, तो आपल्या ‘या की एकदा घरी’च्या जातकुळीतला आहे, तारीख ठरेपर्यंत काही खरं नसतं. या आडवळणांवर मर्फी फारसं बोलत नाहीत. सूर तर छापील पानावर येणारच कसा? ‘यू’ड बेटर कॉल द डॉक्टर’ हे काळजीने म्हणतात आणि दमातही घेतात. त्याला बसथांबा आणि किराणा दुकानाची रांगच बरी. तिथल्या आज्या ‘मी डक’ (म्हणजे इकडचं लाडाचं ‘बाळा’) म्हणत तुम्हाला सगळं शिकवतील.

एक गंमत सांगून ठेवते. ‘शुड हॅव’ बोलताना ‘शुडव्ह’ होतं, म्हणून इथे जन्मलेली माणसंही मेसेजमध्ये बिनधास्त ‘शुड ऑफ’ लिहितात. ते बघून आपलंच चुकलं की काय असं वाटून घेऊ नका. मागच्या जोडपानांत आखूड रूपांचं एक परिशिष्ट आहे, ते बघा. ‘यू’ड’मधल्या एकाच ‘ड’च्या मागे कधी हॅड असतं, कधी वुड, हे तिथे नीट कळतं. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी शेवटचं परिशिष्ट आहे, पण त्यांनी अमेरिकन आवृत्तीच घ्यावी.

विकत घेताना मुखपृष्ठावर ‘विथ आन्सर्स’ लिहिलंय ना, ते बघा. बिनउत्तरांचीही प्रत मिळते, ती वर्गात शिकवणाऱ्यांसाठी ठीक; घरी एकट्याने करणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर आधी २६ ते ३७ची उजवी पानं उघडून बघा, कुणी पेनाने सगळ्या गाळलेल्या जागा भरून ठेवलेल्या असतात. पेन्सिलीने लिहिलं असेल तर खुशाल घ्या. ज्यांना मुळात वाक्य जुळवायलाच अडखळायला होतं त्यांनी मर्फींचंच लाल पुस्तक, ‘इसेन्शियल ग्रामर इन यूज’, आधी करावं, निळं नंतर. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या ‘माइट वॉन्ट टू’ने घालवला.