शॉर्ट फिल्ममधली मनातली घालमेल: व्हॉइसओव्हर की नुसता चेहरा?

मनातल्या झगड्यावर शॉर्ट फिल्म लिहायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या ड्राफ्टला हा प्रश्न येतोच. पात्राच्या डोक्यात जे चाललंय ते त्याच्याच आवाजात ऐकवायचं, की चेहरा, हात आणि खोलीतले आवाज यांच्यावर सोडून द्यायचं? आमच्या फिल्मचे मी दोन्ही कट, म्हणजे एडिट केलेल्या दोन्ही आवृत्त्या, तयार केले आणि दोन्ही लोकांना दाखवले, म्हणून हे लिहितोय.

पुरुषोत्तम-फिरोदियासारख्या कॉलेजच्या नाट्यस्पर्धा करून आलेल्या मंडळींना तिसरा पर्यायही हमखास सुचतो: 'मन' म्हणून दुसरा नट उभा करायचा. स्टेजवर तो चालून जातो. कॅमेऱ्यासमोर मात्र तो न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा दिसतो, आणि त्याच नटाचा डबल रोल करायचा तर नजरा जुळवण्यात दिवस जातो. मी त्या वाटेला गेलो नाही.

आमची गोष्ट साधी होती. सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करणारा मुलगा, पूर्व परीक्षेत अडकलेला, आणि गावी मात्र 'मुख्यची तयारी चालू आहे' असं सांगून बसलेला. बाहेर काहीच घडत नाही. जे घडतं ते अभ्यासिकेच्या खुर्चीत बसल्या बसल्या.

अशा गोष्टीला व्हॉइसओव्हर फार सोयीचा, हे आधीच मान्य करतो. सीन म्यूट शूट करता येतात, रस्त्यावरच्या हॉर्नची फिकीर नसते. नट नवखा असेल तर त्याला संवाद पाठ करून घ्यावे लागत नाहीत. आणि सगळ्यात मोठा फायदा एडिटच्या टेबलावर कळतो: एखादा सीन फसला, दुवा तुटला, तर एक वाक्य लिहून रेकॉर्ड केलं की काम भागतं. मराठी प्रेक्षकाला स्वगताचं वावडंही नाही, नाटकामुळे कान तयार आहेत. आमचा व्हॉइसओव्हरचा कट पुण्यात दाखवला तेव्हा लोक मुलाशी पटकन जोडले गेले. दुसऱ्या कटला त्यांना जरा वेळ लागला, हेही खरं.

व्हॉइसओव्हर काढून टाकलात की खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. लोकेशन साउंडचा माणूस हवा, बूम (लांब दांडीवरचा माइक) हवा. पंखा बंद. एप्रिलमध्ये पंखा बंद करून टेक घ्यायचे म्हणजे नटाच्या शर्टावरच्या घामाचीसुद्धा कंटिन्युइटी ठेवावी लागते, म्हणजे तो प्रत्येक टेकमध्ये सारखा दिसावा लागतो (आमच्या असिस्टंटने ती वहीत लिहून ठेवली होती). प्रत्येक जागेचा अर्धा-एक मिनिट रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्यावा लागतो, आणि तेवढा वेळ युनिटमधल्या कुणाला तरी खोकला येतोच. पण त्यातून जे हाती लागतं ते वेगळं असतं. अभ्यासिकेतली शांतता खरं तर कधीच शांत नसते: ट्यूबलाइटची गुणगुण, पानं उलटल्याचा आवाज, कुणीतरी खुर्ची ओढतं. साउंडवाल्याने त्यातली गुणगुण हळूहळू वर आणली आणि मुलगा कधी अस्वस्थ झाला ते सांगायची गरज उरली नाही.

चेहऱ्याला फार काही करावंही लागत नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने मोझुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाटीच्या शॉटला, एकदा शवपेटीच्या शॉटला जोडला आणि लोकांनी त्यात कधी भूक तर कधी दुःख पाहिलं, असं सांगतात. व्हॉइसओव्हर आला की ते काम प्रेक्षकाच्या हातून काढून घेतलं जातं. पण खरं सांगायचं तर मी या तात्त्विक कारणाने ठरवलं नाही.

मला नडले ते सबटायटल.

फिल्म फेस्टिव्हलला पाठवायची तर इंग्रजी सबटायटल लागतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीला जास्तीत जास्त 42 अक्षरं, असा सर्रास पाळला जाणारा हिशोब आहे. बोलण्याच्या सीनमध्ये हे फारसं खटकत नाही, कारण संवाद थांबतात आणि डोळे पुन्हा वर जातात. व्हॉइसओव्हर मात्र नेमका क्लोजअपवरच येतो, कारण 'मन' दाखवायला आपण क्लोजअपच लावलेला असतो. म्हणजे जिथे चेहरा पाहायचा तिथेच वाचन.

आमच्या फिल्ममध्ये मुलगा वडिलांशी फोनवर बोलतो. 'हो पप्पा, चाललंय व्यवस्थित.' बोलता बोलता त्याचा अंगठा टेबलाच्या सनमायकाची सुटलेली कड उचलत राहतो, उचलतो आणि परत दाबून बसवतो. अख्ख्या फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता शॉट. व्हॉइसओव्हरच्या कटमध्ये त्यावर 'आज सांगूनच टाकू का?' अशा अर्थाची तीन वाक्यं होती. मराठी न येणाऱ्या काही मित्रांना तो कट दाखवला. त्यातल्या एकालाही अंगठा दिसला नव्हता. मी रिवाइंड करून दाखवल्यावर म्हणाले, अच्छा, हे पण होतं का! मग सबटायटल छोटे करून पाहिले, शॉट लांबवून पाहिला, वाक्यं दोनावर आणली. डोळा खाली जायचा तो जायचाच. वाक्यं काढली आणि तीच मंडळी अंगठ्याबद्दल आपणहून बोलायला लागली.

तुमची फिल्म फक्त मराठी प्रेक्षकांसाठी असेल, यूट्यूबवर टाकायची असेल, हाताशी दोनच दिवस आणि एक फोन असेल, तर व्हॉइसओव्हर घ्या, त्यात कमीपणा नाही. आठवणी सांगणारं पात्र असेल, पत्र किंवा डायरी असेल, तर कदाचित तोच बरा. पण नट बरा मिळाला असेल आणि साउंडसाठी थोडे पैसे बाजूला काढता येत असतील, तर मी तरी त्याच्या अंगठ्यावर भरवसा ठेवेन.

आणि तरीही मन द्विधा असेल तर शूटिंगच्या आधीच व्हॉइसओव्हरची वाक्यं इंग्रजीत उतरवा, 42 अक्षरांच्या ओळींत मोडा आणि शॉटलिस्टच्या शेजारी ठेवून बघा. ज्या शॉटपुढे दोन ओळी भरतात, तो शॉट कुणी बघणार आहे का ते तिथेच कळेल.