अलिबागचा राष्ट्रगीतांचा उन्हाळी क्लास, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

मे महिन्यात मुलीला अलिबागला एका पेटीच्या क्लासला घातलं होतं, १२ दिवसांचं शिबिर, विषय ‘देशोदेशीची राष्ट्रगीतं’, फी ८०० रुपये, वय ९ ते १५. व्हॉट्सॲपवर तिघीचौघींनी विचारलं कसं होतं म्हणून, तिथे दोन ओळीत सांगता येईना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाईंना नाव छापलेलं आवडत नाही त्यामुळे नाव देत नाही. शाळेत संगीत शिकवून रिटायर झाल्यात, चेंढऱ्याला राहतात, घराच्या पडवीतच क्लास घेतात.

आधी तक्रारी सांगून टाकते. पडवीवर पत्रा, वेळ दुपारी चारची, मुलं १६ आणि पंखा एक. लाईट गेली की तोही बंद, मग मुलं नुसती निथळत बसायची. बाई मधल्या सुट्टीत कोकम सरबत द्यायच्या तेवढाच काय तो गारवा. पुस्तिका म्हणजे झेरॉक्सची पानं पिन मारून दिलेली, मागची चार पानं इतकी फिकट की अक्षरच लागत नाही. आणि शेवटच्या दोन दिवसांत चार देश उरकले, त्यात बांगलादेशही गेला, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं कारण ते गाणं आपल्याच राष्ट्रगीताच्या कवीचं, रवींद्रनाथांचं, ते मुलांना निवांत ऐकवायला हवं होतं. एक स्टार ह्या सगळ्यासाठी कापलाय.

आता बाकीचे चार कशासाठी ते.

ॲडमिशनच्या फॉर्मवर नाव, वय, फोन नंबर ह्याच्या खाली एक ओळ होती, ‘घरच्या श्रद्धेमुळे मुलाने/मुलीने म्हणू नयेत असे काही शब्द असतील तर इथे लिहावे.’ मी ती धड वाचलीपण नाही, रिकामी सोडून फी भरून आले. त्या ओळीचा अर्थ मला चौथ्या दिवशी कळला.

बाईंची पद्धत अशी की गाणं शिकवायच्या आधी त्याचा मराठीत अर्थ फळ्यावर लिहायचा, आणि त्यात देव असेल तर कुठला देव, कुणाचा, हे सरळ सांगायचं. ब्रिटनचं राष्ट्रगीत म्हणजे देवाने राजाला सांभाळावं अशी प्रार्थना. स्वित्झर्लंडचं तर नावच स्तोत्र. पाकिस्तानच्या राष्ट्रगीताचा शेवट खुदाच्या छायेवर होतो, आणि तिथे हिंदू आणि ख्रिश्चनही राहतात. कॅनडाचं इंग्रजी आणि फ्रेंच वेगवेगळं आहे हे मला माहीतच नव्हतं, फ्रेंचमध्ये देशाला म्हंटलंय की तुझा हात तलवार धरतो तसाच क्रूसही वाहतो, इंग्रजीत क्रूस नाही पण देवाने देश राखावा असं आहे. दक्षिण आफ्रिकेचं १९९७ पासून पाच भाषांमध्ये आहे आणि सुरुवात ‘देवा, आफ्रिकेला आशीर्वाद दे’ अशी, मूळ चर्चमधलं भजन ते. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, नुसती चाल, मुलांना ते सगळ्यात जास्त आवडलं आणि माझी लेक घरभर तोंडाने बँड वाजवत फिरत होती.

प्रत्येक गाण्यानंतर बाई एकच प्रश्न विचारायच्या. ह्या देशात असा कोण असेल ज्याला हे म्हणताना अडखळायला होईल? मुलं शोधून शोधून उत्तरं द्यायची, आणि त्यातलं एक उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही.

शिबिरात इस्त्राएल आळीतल्या एका आजींचा नातू होता, सुट्टीत ठाण्याहून येतो. अलिबागच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आपल्याकडे बेने इस्रायल म्हणजे ज्यू लोक शतकानुशतकं आहेत, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, आळीत त्यांचं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनेची जागा, आहे, बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, थोडी घरं राहिलीत. तर चौथ्या दिवशी बाईंनी जन गण मनचं दुसरं कडवं शिकवलं, जे आपण कधी म्हणत नाही. त्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारसिक, मुसलमान, ख्रिस्तानी अशी नावं एका ओळीत आहेत. सगळ्या मुलांनी आपापलं नाव आलं की हात वर केले, मोहल्ल्यातली दोन मुलं, बौद्धवाड्यातली मुलगी, कोर्लईचा एक कॅथलिक मुलगा, सगळ्यांनी. आजींचा नातू मात्र बोटाने ओळ परत परत वाचत होता. मग म्हणाला, "बाई, आम्ही नाही ह्यात."

मी त्या दिवशी लवकर पोचले होते म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. बाईंनी पेटीचा भाता बंद केला. मला वाटलं आता समजूत काढतील, तू पण आहेसच की रे वगैरे. त्या म्हणाल्या, "नाहीयेस. सुटलंय ते." एवढंच, आणि मग जरा थांबून म्हणाल्या की म्हणूनच जे कडवं आपण राष्ट्रगीत म्हणून म्हणतो ते बघ, त्यात कुठल्याच धर्माचं नाव नाही, मुलूख आहेत, डोंगर आहेत, नद्या आहेत, आणि मराठा म्हंटलंय त्यात आपलं अलिबाग आलं आणि तुझी आळी पण आली. मुलाने मान हलवली. पटलं का नाही माहीत नाही, पण त्याला खोटं सांगितलं गेलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम इस्रायलचं राष्ट्रगीत घेतलं, ‘हातिक्वा’ म्हणजे आशा. त्यात ज्यू माणसाच्या जिवाची ओढ असे शब्द आहेत, आणि त्या देशात पाचातला एक माणूस अरब आहे. २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचे अरब न्यायाधीश सलीम जुब्रान एका समारंभात राष्ट्रगीताला उभे राहिले पण म्हंटलं नाही, त्यावरून मोठा गदारोळ झाला. बाईंनी हे सांगितल्यावर त्या मुलाकडे बघून विचारलं, तू त्यांच्या जागी असतास तर? तो पटकन म्हणाला, "मी पण उभा राहिलो असतो, गप्प." ११ वर्षांचं पोर.

वंदे मातरमच्या दिवशी मला जरा धाकधूक होती, आपल्याकडे त्यावरून लगेच आवाज चढतात. बाईंनी पहिली दोन कडवी शिकवली, पाणी, फळं, वारा, चांदणं ह्यांची. पुढच्या कडव्यांत दुर्गा, कमला अशी देवींची नावं येतात, मूर्तीला न मानणाऱ्यांना ते म्हणणं जड जातं, म्हणून १९३७ साली काँग्रेसच्या कार्यसमितीने राष्ट्रीय सभांमध्ये पहिली दोनच कडवी म्हणायची असं ठरवलं, आणि २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत सांगितलं की जन गण मन हे राष्ट्रगीत आणि वंदे मातरमला बरोबरीचा मान. एवढं सगळं मुलांना कळेल असं सांगितलं, कुणाची बाजू कमी न करता. मोहल्ल्यातल्या मुलांच्या आईशी नंतर गेटजवळ बोलले तर ती म्हणाली की तिने फॉर्मवर त्या ओळीत चार शब्द लिहिले होते आणि बाईंचा त्याच संध्याकाळी फोन आला होता, नीट विचारून घेतलं त्यांनी, "पहिल्यांदा कुणी आधी विचारलंन." मला तेव्हा माझी रिकामी ओळ आठवली.

अजून एक सांगायचंय. शिबिर संपताना रोज जन गण मन व्हायचं. पाचच्या बॅचला पेटी शिकायला येणारा एक मुलगा तेव्हा पडवीतच असायचा, त्याच्या घरचे यहोवाचे साक्षीदार, म्हणजे राष्ट्रगीत न म्हणणारा एक ख्रिस्ती पंथ, तो उभा राहायचा, हात सरळ, टाचा जुळलेल्या, पण तोंड मिटलेलं. दोनतीन पालकांनी कुजबुज केली. मलाही पहिल्या दिवशी खटकलं होतं. तर बाईंनी पालकांनाच बसवून केरळची गोष्ट सांगितली. १९८५ मध्ये तिथे इमॅन्युएल कुटुंबातली तीन भावंडं, त्याच पंथाची, शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची पण म्हणायची नाहीत, म्हणून त्यांना शाळेतून काढून टाकलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ११ ऑगस्ट १९८६ ला निकाल लागला, की राष्ट्रगीत म्हंटलंच पाहिजे असा कायदा नाही, मानाने उभं राहिलं की त्यात अपमान नाही, आणि मुलांना परत शाळेत घ्या.

हे ऐकताना माझ्या पोटात कालवलं. मी सातवीत असताना, १९९६ ची गोष्ट, आमच्या वर्गातल्या एका मुलीला ह्याच कारणासाठी प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेसमोर ओणवं उभं केलं होतं, आठवडाभर रोज. तिच्या वेणीची लाल रिबीन जमिनीला टेकायची ते अजून डोळ्यासमोर आहे. आम्ही कुणीच काही बोललो नाही. निकाल लागून दहा वर्षं झाली होती आणि आमच्या शाळेत कुणाला पत्ता नव्हता. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही.

शेवटच्या दिवशी छोटा कार्यक्रम होता, मुलांनी सात देशांची गाणी म्हंटली, दक्षिण आफ्रिकेचं सगळ्यात छान बसलं. इस्त्राएल आळीतल्या आजी आल्या होत्या. हातिक्वा चालू झाल्यावर त्या बसूनच पुटपुटत होत्या, मला म्हणाल्या, "माझी भयीण तिकडे गेली, ती ह्ये म्हणते." मग जन गण मनला काठी टेकत उठल्या आणि पूर्ण ५२ सेकंद उभ्या राहून मोठ्याने म्हंटलं, नातवापेक्षा मोठ्याने. पेटीवाला मुलगा त्यांच्या शेजारीच उभा होता, गप्प. संपल्यावर आजींनी त्याच्याच खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसल्या.

ज्यांना नुसतं गाणं पक्कं करून स्पर्धेत उतरवायचंय त्यांनी दुसरा क्लास बघा, इथे निम्मा वेळ बोलण्यात जातो. आवाजाची तयारी, ताना वगैरे काही नाही. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने या. पाण्याची बाटली आणि रुमाल द्या मुलांबरोबर.

पुढच्या वर्षीचा फॉर्म बाईंकडून आत्ताच आणलाय, लेक म्हणते परत जायचंच. परवा रात्री दोघी भरायला बसलो, त्या ओळीपाशी आल्यावर मी तिला विचारलं काय लिहायचं. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, आपलं काही नाही, पण बाईंना सांग ना, आजींच्या नातवाला फोन करा म्हणावं पुढच्या वर्षी पण ये म्हणून. ते पेन्सिलने लिहिलंय.