कासोट्याशिवाय नऊ महिने: लुंगी वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर ट्रॅकपँटचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर यायचं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात लुंगी नाही का?" नव्हती. वय सत्तेचाळीस, जन्म साताऱ्याचा, मुक्काम डोंबिवलीत, आणि लुंगी म्हणजे सिनेमातल्या गुंडाचा पोशाख एवढीच माझी अक्कल. आज नऊ महिने झाले, टाके केव्हाच बरे झाले, पण घरात पँट चढवावीशी वाटत नाही.

पहिली खरेदी साफ फसली. कोपऱ्यावरच्या दुकानातून दीडशे रुपयांची उघडी, म्हणजे टोकं न शिवलेली लुंगी आणली, गुळगुळीत आणि चकचकीत. लुंगीला ना नाडी, ना बटण. ती कमरेवर टिकते ती कापडाला कापड घट्ट धरून ठेवतं म्हणून. पॉलिस्टर मिसळलेलं कापड काही धरत नाही. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना ते मला चांगलंच समजलं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात अब्रू.

मग मामेभावाने माटुंग्याला नेलं. स्टेशनबाहेरच्या दाक्षिणात्य वस्तीत अशी दुकानं आहेत. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने रंग विचारलाच नाही. "साहेब, आधी उंची सांगा," म्हणाला. मी पाच फूट अकरा. त्याने माझी नेसलेली लुंगी पाहिली आणि हसला. तिचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चव्वेचाळीस इंच होता. वरची गुंडाळी करण्यात तीन-चार इंच जातात, पहिल्या धुण्यात दोन आटतात, म्हणून ती घोट्याच्या वर लोंबत होती. त्याने पन्नास इंची पन्ह्याची सुती लुंगी काढून दिली. लांबी बहुतेक लुंग्यांची दोन मीटर असते, म्हणजे साधारण एकोणऐंशी इंच. माझ्यासारख्या सुटलेल्या पोटाला त्यात जेमतेम दोन वेढे बसतात. तुमचं पोट याहून मोठं असेल तर सव्वादोन मीटरची मागा, नाहीतर वाऱ्यात मांडी उघडी पडेल. ऑनलाइन घेताना लांबी सगळे लिहितात, पन्हा लिहीत नाहीत. जिथे पन्हा दिलेला नाही तिथून मी घेणं सोडून दिलं.

आपल्या भाषेत पँट घालतात, लुंगी नेसतात. हा फरक नुसता बोलण्याचा नाही, हे अंगावर आल्यावर कळलं. पाय थोडे फाकवून उभं राहायचं. जोडून नेसलात तर चालताना पाऊलच पडत नाही. कापड पाठीमागून आणायचं, एक टोक आडवं नेऊन कुशीवर दाबायचं, दुसरं त्यावरून उलट्या बाजूला ताणून खोचायचं आणि काठ बाहेरच्या बाजूला दोनदा गुंडाळायचा. गाठ मारू नका. गाठ टोचते, आणि सुटायची ती सुटतेच. मला तीन आठवडे लागले. त्यानंतर एकदाही सुटली नाही, फक्त झोपेत सोडून. सकाळी उघडी लुंगी गळ्याशी सापडते. म्हणून रात्रीसाठी शिवलेली, म्हणजे दोन्ही टोकं जोडून नळकांड्यासारखी केलेली ठेवली आहे.

मेहुण्याने क्वालालंपूरहून तशीच एक आणून दिली. तिकडे या चौकडीच्या कापडाला 'काइन पलेकत' म्हणतात. हे नाव चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या पुलिकत बंदरावरून पडलं. म्हणजे आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावरचं कापड समुद्र ओलांडून परदेशी सारोंग, म्हणजे तिकडची लुंगी झालं आणि मेहुण्याच्या बॅगेतून भारी भेटवस्तू बनून परत आलं. कापड मात्र खरंच छान आहे, धुऊन धुऊन मऊ होत चाललंय.

रंगाबद्दल सावध राहा. माटुंग्याच्या गडद निळ्या लुंगीने पहिल्याच धुण्यात माझी दोन बनियनं आणि बायकोची एक ओढणी निळी केली. पहिली तीन धुणी वेगळ्या बादलीत करा. नवीन लुंगीला खळ असते, ती गेल्यावर कापड मवाळ पडतं पण पकड वाढते. पावसाळ्यात सुती लुंगी पंख्याखाली रात्रीत वाळते, जीन्सला दोन दिवस लागतात. इस्त्रीची भानगड नाही.

खिसा नाही ही खरी अडचण. मोबाइल कमरेला खोचून पाहिला, संडासात पडता पडता वाचला. वेल्क्रो आणि खिसा असलेल्या वेष्टी, म्हणजे दक्षिणेतली लुंगीसारखी नेसायची पांढरी वस्त्रं, मिळतात, पण वेल्क्रो लावलं की पोटाप्रमाणे सैल-घट्ट करण्याची गंमतच जाते. स्कूटरवर बसायला लुंगी नको. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला मात्र वर शर्ट, खाली लुंगी, उत्तम.

कापडापेक्षा आईला समजावणं कठीण गेलं. "दारात उभा राहू नकोस तसा," हे पहिल्या दिवसापासून. मी म्हणालो, आजोबा धोतर नेसून कोर्टात जायचे की. त्यावर ती म्हणाली, "त्याला कासोटा होता." खरी मेख इथे आहे. आपल्याकडे धोतर काय, नऊवारी काय, मागे खोचलेलं असलं की माणूस कामाचा. मोकळं सोडलं की ढिला. त्यात साठच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध लुंगीवरून घोषणा झाल्या आणि हा शब्दच हिणवण्याचा झाला. दक्षिणेतही पांढरी वेष्टी किंवा मुंडू बाहेर नेसायची आणि चौकडीची घरात, अशी उतरंड आहेच. तरी 2014 साली चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना दारातच अडवलं, तेव्हा तमिळनाडू सरकारने अशा अडवणुकीविरुद्ध थेट कायदा केला. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी लुंगीवर गेलो, तर सेक्रेटरी म्हणाले, "बरं नाही का अजून?"

केरळात कामाला लागताना मुंडू गुडघ्यापर्यंत दुमडून वर खोचतात आणि समोर वडीलधारं कोणी आलं की खाली सोडतात. हे मला फार आवडलं. हल्ली मीही आई हॉलमध्ये आली की सोडतो. तिच्या ते लक्षात आलंय, पण बोलत नाही.

दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो. वडील दोन दिवस माझ्याकडे नुसते बघत होते. निघायच्या दिवशी बॅग भरताना जवळ आले आणि हळूच विचारलं, "ती शिवलेली असते, तसली एखादी जास्तीची आहे का रे?"