पार्वो झालेलं पिल्लू: भरती करावं की घरी सांभाळावं?

पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्याची तपासणी किट पॉझिटिव्ह आली की डॉक्टर तिथल्या तिथे विचारतात, "ठेवून जाताय की घेऊन जाताय?" त्या वेळी डोकं चालत नाही. गेल्या पावसाळ्यात आठवड्याभरात मला दोनदा या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली एकाच वेतातली दोन पिल्लं, अडीच महिन्यांची. भुऱ्याला भरती केलं. पाचव्या दिवशी काळीने खाणं सोडलं, तिला घरी ठेवलं. दोघंही वाचली, त्यामुळे कुठल्या एका बाजूचा राग मनात धरून हे लिहीत नाही.

भरतीची बाजू भक्कम आहे. पार्वोत आतड्याचं अस्तर सोलून निघतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, आणि उपचार म्हणजे मुख्यतः पिल्लाला पाच-सहा दिवस तगवून धरणं. सलाईन थेट शिरेतून गेलं तर लगेच लागू पडतं, रक्तातली साखर उतरली तर ते तिथेच कळतं. पिल्लाचे कान-पाय गार लागत असतील, हिरड्या पांढुरक्या असतील, मान धरवत नसेल, तर भरतीच करा. अशा अवस्थेत कातडीखाली दिलेलं पाणी नीट शोषलंच जात नाही.

भुरा तसाच होता, म्हणून मी त्याला ठेवून आलो. तिसऱ्या सकाळी आठला गेलो, तर बाटली पाऊण भरलेली. पोर रात्री पिंजऱ्यात गोल फिरलं असणार, नळीला पीळ पडला होता. सुई शिरेतून निसटून पुढचा पाय कोपरापर्यंत सुजलेला, आणि पोटाला रक्ताच्या जुलाबाने भिजलेला पेपर चिकटलेला. "सलाईन बंद कधी पडलं?" असं विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. दवाखाना नऊला बंद व्हायचा आणि साडेदहाला मदतनीस कुलूप लावून जायचा, हे मला तेव्हा कळलं. दिवसा तिथल्या माणसांनी मनापासून केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पार्वोचं पिल्लू रात्री दोनलाही ओकतं. त्या बंद खोलीत ते एकटं पडलं होतं, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

काळीच्या वेळी म्हणून डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, घरी जमेल का? त्यांनी आधी चार तास शिरेतून सलाईन देऊन तिला सावरलं आणि मगच घरी सोडलं. ही पायरी गाळू नये. अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट विद्यापीठात याच पद्धतीची तुलना झाली होती. सुरुवातीला सगळ्यांना शिरेतून सलाईन, मग 20 पिल्लं भरती आणि 20 बाह्यरुग्ण पद्धतीने, म्हणजे भरती न करता कातडीखाली सलाईन देऊन. भरतीतली 18 वाचली, दुसरी 16. फरक आहे, पण मला वाटला होता तेवढा नाही. अर्थात तिथल्या बाह्यरुग्ण पिल्लांवरही जाणत्या माणसांची नजर होती, हेही धरायला हवं.

काळी तीन किलोची. दर सहा तासांनी 90 मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, क्षारांचं सलाईन) कातडीखाली. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलायची, खाली झालेल्या पोकळीत सुई. पाठीवर लिंबाएवढा फुगवटा यायचा आणि तासाभरात ओघळून पुढच्या पायाशी उतरायचा. पहिल्या रात्री माझा हात थरथरत होता. डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या सलाईनची, बाटली अशी कातडीखाली द्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. उलटीचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन रोज सकाळी दवाखान्यात, त्याच वेळी तपासणी. उलटी थांबल्यावर सिरिंजने तीन-तीन मिली पातळ खाणं. चौथ्या रात्री साडेतीनला तिने ती सिरिंज स्वतःहून चाटली. मी बायकोला हलवून उठवलं.

घरी ठेवण्याचं खरं ओझं साफसफाईचं. फिनेलने हा विषाणू मरत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, तीसुद्धा आधी घाण पुसून घेऊन. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे अंगणात किंवा इमारतीत लस न झालेली पिल्लं असतील तर घरी ठेवताना दहा वेळा विचार करावा. आम्ही एक बाथरूमच काळीला देऊन टाकलं होतं. शिवाय रात्री उठायला दोन माणसं हवीत, एकट्याला सहा दिवस झेपेल असं मला वाटत नाही.

एवढं सगळं धरूनही, पिल्लू सावरलेलं असेल, रोज तपासणारा डॉक्टर असेल आणि घरात जागणारं कुणी असेल, तर माझा कल घराकडे आहे. भरतीच करायची वेळ आली, तर फॉर्मवर सही करण्याआधी "रात्री इथे कोण थांबतं?" हे विचारा आणि त्या माणसाचा फोन नंबर घ्या. नंबर मिळाला तर निर्धास्त ठेवा.