वेगवेगळी सॉफ्टवेअर की एकच ईआरपी: तीन जागी पसरलेला धंदा असेल तर

नागपुरात मस्कासाथेतल्या एका मित्राने मागच्या महिन्यात विचारलं, "भाऊ, तुम्ही ते ईआरपी घेतलं म्हणते. मी पण घेऊ का, की आहे तसंच चालू देऊ?" चहा संपेपर्यंत मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. ते इथे लिहितो आहे. ईआरपी म्हणजे हिशेब, साठा आणि ऑर्डरी हे सगळं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर.

आमचा मसाल्याचा धंदा आहे. दळण आणि भरणी हिंगणा एमआयडीसीत, गोडाऊन वाडीला, ऑफिस इतवारीत. मिरची गुंटूरहून येते, हंगामात थोडी कळमन्याच्या बाजारातूनही घेतो. धने राजस्थानातून, हळद सांगलीची. आठ वर्षं आम्ही हिशेबासाठी टॅली हे सॉफ्टवेअर, साठ्यासाठी एक्सेलच्या फायली आणि निरोपांसाठी मोबाइलवरचा ग्रुप अशा घडीवर काढली. गेली अडीच वर्षं हे सगळं एकाच ईआरपीत आहे. ओडू, ईआरपीनेक्स्ट, झोहो, सॅप बिझनेस वन यांपैकी कोणतं घ्यावं हा पुढचा प्रश्न झाला. मुळात तिकडे जावं की नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

जुन्या घडीचं श्रेय आधी देतो, कारण ते खरं आहे. टॅली येणारा माणूस इतवारीत हाक मारली की मिळतो. सीएंना त्याची सवय आहे, वर्षअखेरीला फाईल दिली की त्यांना काही विचारावं लागत नाही. एक्सेलमध्ये हवा तो रकाना वाढवता येतो, कोणाची परवानगी लागत नाही. आणि फोन तर सगळ्यांच्या हातात असतोच. धंदा एका छताखाली असेल, मालक स्वतः गल्ल्यावर बसत असेल आणि मागच्या खोलीतला माल डोळ्यांनी दिसत असेल, तर माझ्या मते आहे तेच ठेवावं. काकाजींनी आमचा धंदा वीस वर्षं असाच चालवला आणि त्यांचा साठ्याचा अंदाज एखाद्या पोत्यापलीकडे चुकत नसे.

जीएसटीच्या कामापुरतं पाहिलं तर दोन्हीकडे फारसा फरक नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागतं, ते दोन्हीकडून निघतं. मालाच्या वाहतुकीला लागणारं ई-वे बिलही निघतं. गुंटूर ते नागपूर साडेसातशे-आठशे किलोमीटर, दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने बिलाची मुदत चार दिवसांची. गाडी वाटेत बिघडली तर ती वाढवून घ्यावी लागते, आणि ते माणसानेच लक्षात ठेवायचं असतं. केवळ करासाठी ईआरपी घेणाऱ्याने पैसे वाचवलेले बरे.

मग मी का बदललं? एका वाक्यामुळे. "ग्रुपवर टाकलं होतं."

दिवाळीच्या आधीची गोष्ट. चंद्रपूरच्या वितरकाने चाळीस खोकी दोनशे ग्रॅम तिखट मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या सेल्समनला सांगितलं, अर्धी खोकी शंभर ग्रॅमची करा. सेल्समनने ते लगेच ग्रुपवर टाकलं. त्याच सकाळी ग्रुपवर कोणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू होत्या, एका गाडीची बिल्टी आली होती, वजनकाट्याचे दोन फोटो होते, आणि पॅकिंगच्या बायांच्या सुटीबद्दल विचारणा होती. गोडाऊनच्या मामांनी फोन उघडला तेव्हा साठेक निरोप वाचायचे राहिले होते. त्यांच्या हातात आदल्या दिवशीची चिठ्ठी होती, त्यांनी ती पाहून गाडी भरली. माल दीडशे किलोमीटर गेला आणि त्यातला निम्मा तसाच परत आला.

मी त्यांना विचारलं, "मामा, दोनशेचंच काऊन भरलं?"

"चिठ्ठीत तेच होतं ना जी."

सेल्समन म्हणाला, "मी तर ग्रुपवर टाकलं होतं." ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, "मी वाचलं होतं, मला वाटलं मामांनी पण वाचलं असेल." तिघंही खरं बोलत होते. त्या रात्री मी तो ग्रुप मागे सरकवत बसलो आणि चार महिन्यांतले असे आठ प्रसंग मोजले. आठही वेळा निरोप वेळेवर दिलेला होता. भाडं दोन्ही वेळचं गेलं, त्याचं मला फार वाटलं नाही. चांगली माणसं एकमेकांवर चिडत होती, त्याने मला झोप लागली नाही. मामा आमच्याकडे सतरा वर्षं आहेत आणि त्या दिवशी ते जेवले नव्हते.

ईआरपीत हाच बदल कसा होतो ते सांगतो. सेल्समन मूळ ऑर्डरच दुरुस्त करतो. आधीची ऑर्डर रद्द म्हणून दिसत राहते, नवी तिच्या जागी येते, आणि मामांच्या टॅबवर माल काढायची जी यादी असते ती नव्या ऑर्डरवरून निघते. वितरकाचं काही म्हणणं असेल तर ते त्याच ऑर्डरच्या खाली लिहिलं जातं, कोणी, किती वाजता, हे त्यासोबत राहतं. सहा महिन्यांनी ऑर्डर उघडली तरी ते बोलणं तिथेच असतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा अजूनही ग्रुपवर येतात आणि आता त्या मला आवडतात, कारण त्यांच्याखाली कुठली ऑर्डर दबत नाही.

फोन बंद झाले असं मात्र समजू नका. गाडी बुटीबोरीच्या पुढे अडकली, हमाल आले नाहीत, गिरणीचा बेल्ट तुटला, अशा वेळी कोणी स्क्रीन उघडत बसत नाही आणि बसूही नये. आम्ही एकच नियम केला: फोनवर काहीही बोला, पण आकडा बदलला तर तो ऑर्डरमध्ये बदला. हा नियम अंगवळणी पडायला आम्हाला पाच महिने लागले.

दुसरा मोठा फरक मला बॅचमध्ये, म्हणजे एका वेळी भरलेल्या मालाच्या नोंदीत, दिसला. खाण्याच्या पाकिटावर बॅच नंबर आणि परवाना नंबर असतोच, तो सगळेच छापतात. तो नंबर मागे कुठपर्यंत नेता येतो हे पाहावं. यवतमाळच्या एका किराणा दुकानातून हळदीत गुठळ्या झाल्याची तक्रार आली होती, तेव्हा आमची जुनी घडी होती. भरणीची वही हिंगण्याला, आवकीची फाईल इतवारीत, कोणाला काय गेलं ते बिलांमध्ये. दोन दिवस शोधूनही खात्री होईना, म्हणून त्या महिन्याची सगळी हळद थांबवली. मागच्या पावसाळ्यात तशीच एक तक्रार आली. या वेळी बॅचवरून हळदीची तीन पोती निघाली, त्याच पोत्यांतली पाकिटं आणखी अकरा दुकानांत होती, आणि अर्ध्या तासात अकराही ठिकाणी फोन झाले. बाकीचा माल चालू राहिला. हे काही मोजमाप नव्हे, आमचा एक अनुभव आहे. पण खाण्याचा माल विकणाऱ्याने एवढ्या एका कारणासाठीही विचार करावा असं मला वाटतं.

साखळीबद्दल आणखी एक गोष्ट. सणाआधी दुकानदार दहा खोकी मागतो, सेल्समन बारा लिहितो, ऑफिस हाताशी असू द्या म्हणून कारखान्याला पंधरा सांगतं, आणि कारखाना वीस खोक्यांची मिरची दळून ठेवतो. व्यवस्थापनात याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात: चाबकाची मूठ जराशी हलते आणि टोक हातभर झोका घेतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरमध्ये हेच आढळलं होतं. बाळांचा वापर तेवढाच होता, पण वरच्या प्रत्येक टप्प्यावर ऑर्डरी वरखाली होत होत्या. हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर लिहिलं, आणि एक मोठं कारण सांगितलं ते असं की प्रत्येक टप्पा फक्त आपल्या पुढच्याची ऑर्डर पाहतो, मूळ मागणी पाहत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर तिखट पडून राहायचं आणि त्याचा रंग उतरायचा, त्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. आता हिंगण्याच्या सुपरवायझरला दुकानदाराचं दहाच दिसतं. तो तरी थोडं जास्त दळतोच, पण वीसचं नाही.

आता ईआरपीने काय दुखवलं तेही सांगायला हवं.

पहिलं म्हणजे मालाची नावं. आमच्या एकाच पाकिटाला ऑफिसात एक नाव, गोडाऊनमध्ये दुसरं आणि सेल्समनच्या तोंडी तिसरं होतं. ती एक करायला मी आणि ताई दोन महिने रोज संध्याकाळी बसलो. हे काम विक्रेता करून देत नाही. देतो म्हणाला तरी त्याच्यावर सोडू नका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

दुसरं, घट. कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढलेली मिरची सुकते, दळतानाही काही जातं. एक्सेलमध्ये आम्ही महिनाअखेरीस आकडा जुळवून टाकायचो. आमच्या ईआरपीत ते तसं चालत नाही. प्रत्येक दळणाला आत किती, बाहेर किती ते लिहावं लागतं, आणि फरकाला नाव द्यावं लागतं. काकाजींना सुरुवातीला याचा फार त्रास झाला, त्यांना वाटलं कोणावर तरी संशय घेतला जातो आहे. वर्षभराने त्यांनीच दाखवून दिलं की दोनपैकी एका गिरणीवर घट कायम जास्त पडते. जाळी बदलल्यावर ती कमी झाली. काट्यावरचा आकडा चुकीचा टाकला तर मात्र कुठलंच सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवू शकत नाही.

तिसरं, पैसा. वर्षाच्या फीपेक्षा बसवून देणाऱ्याचा खर्च जास्त निघाला. मुक्त-स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर घेतलं तर परवान्याचे पैसे वाचतात, पण सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतोच. आम्ही ज्याच्याकडून पहिल्यांदा बसवलं तो तीन महिन्यांनी फोन उचलेनासा झाला. दुसरा माणूस मिळेपर्यंत दोन्ही पद्धती समांतर चालवल्या, आणि तो काळ सगळ्यात कठीण होता. म्हणून विक्रेत्यापेक्षा आधी त्याच्या दोन जुन्या ग्राहकांना भेटा, शक्यतो नागपुरातल्याच.

पुरवठादारांचे पैसे द्यायच्या तारखांचा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. आमची पाकिटं छापणारा असाच लहान कारखानदार आहे. माल आल्याची नोंद वाडीला होते, त्याच नोंदीवरून इतवारीत तारीख दिसते. पूर्वी त्याला आठवण करून द्यायला स्वतः यावं लागायचं, आणि ते मला बरं वाटत नसे.

तर मस्कासाथेतल्या मित्राला मी काय सांगेन? त्याचं दुकान आणि गोडाऊन एकाच गल्लीत आहे. त्याने या वर्षी थांबावं, फक्त मालाची नावं एक करून ठेवावीत. पण त्याचा कळमन्याला दुसरं गोडाऊन घ्यायचा विचार चालू आहे, आणि ते झालं तर मी त्याला एकाच ईआरपीकडे जा असंच म्हणेन. सुरुवात १ एप्रिलला करावी, म्हणजे जुना हिशेब मार्चअखेर बंद होतो आणि सुरुवातीचा साठा एकदाच मोजावा लागतो. सणाच्या तोंडावर तर अजिबात नको. टॅब घेताना पहिला गोडाऊनच्या माणसासाठी घ्यावा आणि त्याची स्क्रीन मराठीत करून द्यावी. आमच्या मामांनी तो दुसऱ्या आठवड्यात शिकून घेतला. आता सकाळी गाडी भरण्याआधी तेच मला फोन करतात, "भाऊ, चंद्रपूरची ऑर्डर बदलली म्हणून दिसून राहिलं, पाहून घेतलं मी."