तंबाखू सोडायची औषधं आणि समुपदेशन: एका हंगामाचा अनुभव

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनची पेरणी उरकली तेव्हा उपचार सुरू केला, आता हरभरा काढणीला आलाय. तेवढ्या वापरावर लिहितोय. कुणाला औषध सुचवायचा हेतू नाही, गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यायची असते.

मत आधीच सांगून टाकतो. तलफेचं काम गोळीनं चोख केलं. पण माझ्या तंबाखूत तलफ निम्मीच होती. बाकीची चालरीत होती, आणि तिच्यावरची गोळी मेडिकलात मिळत नाही.

सिगारेट सोडणाऱ्यांचे अनुभव ढिगानं वाचायला मिळतात, चुना-तंबाखूवाल्यांचे मात्र शोधावे लागतात. वास्तविक २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ खायची-लावायची तंबाखू वापरणारे निघाले, ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे इथं बहुमत आपलंच.

सुरुवात निकोटिन गमनं केली. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४चा डॉक्टरच्या चिठ्ठीवर. लोक तो पोरांच्या च्युइंग गमसारखा चघळतात, मग उचकी लागते, पोटात ढवळतं, आणि 'औषध बेकार' म्हणून मोकळे. हळूहळू चावायचा, तोंडात मिरमिरलं की हिरडी आणि गालाच्या मधे दाबून ठेवायचा, मिरमिर ओसरली की परत चावायचा, असा अर्धा तास. निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, गिळून उपयोग नाही. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. दुकानात तासातासाला चहा येतो, तिथं हे पाळणं अवघड. शिवाय बार धरायची जागा आणि गम ठेवायची जागा एकच! तिथली कातडी चुन्यानं आधीच सोललेली, गमनं आणखी चुरचुरायची. तंबाखूवाल्यांनी गमच्या आधी दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवावं. पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर नक्कीच.

मग डॉक्टरांनी वॅरेनिक्लिन ही तलफ मारायची गोळी दिली. तसलीच दुसरी बुप्रोपिऑन असते, पण कधी फिट आलेली असेल तर ती चालत नाही, म्हणून तो प्रश्न त्यांनी आधीच विचारला. किडनीचा त्रास असेल तर वॅरेनिक्लिनचाही डोस बदलतो, ते लपवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४च्या जुलैत तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली. तिच्यात खायच्या तंबाखूसाठी हीच गोळी किंवा निकोटिनची औषधं सांगितली आहेत, सोबत समुपदेशन धरूनच.

या गोळीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे पहिल्याच दिवशी पुडी फेकावी लागत नाही. तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस दोनदा, मग एक मिलिग्रॅम दोनदा, असे एकूण बारा आठवडे. सोडायची तारीख साधारण आठवड्यानंतरची धरतात. मेंदूत निकोटिन जिथं जाऊन बसतं ती जागा ही गोळी अडवते आणि थोडीशी किक स्वतःच देते. त्या आठवड्यात मळलेली चिमूट ओठात धरली तर नुसता चुना लागला, मजा कुठं गेली कळेना. उपाशीपोटी घेतली की मळमळ हमखास. जेवून, तांब्याभर पाण्यासोबत घेतली की निभतं. आणि स्वप्नं! जालन्याच्या मोंढ्यात बियाण्याच्या पिशव्या मोजतोय आणि प्रत्येकीतून जर्दा सांडतोय, असली.

आता समुपदेशन. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी उपदेश केलाच नाही. वही दिली आणि प्रत्येक चिमटीला वेळ, सोबत कोण, आणि मनात काय होतं, एवढं लिहायला लावलं. वही वाचली तर निम्म्याहून जास्त नोंदी गिऱ्हाइकासोबतच्या. माणूस उधारी मागायला येतो, बाकावर बसतो, "शेठ, काढा की पुडी" म्हणतो. मळता मळता भाव ठरतो, उधारीही ठरते. तिथं तलफेचा संबंधच नव्हता. ताईंनी एक वाक्य पाठ करून घेतलं, खोलीत मोठ्यानं म्हणायला लावलं: "डॉक्टरनं बंद केली, अप्पा." 'सोडलीय' म्हटलं की लोक परीक्षा घेतात, डॉक्टरचं नाव काढलं की गप्प बसतात. "माझ्या बानं जन्मभर खाल्ली, काय बी झालं नाही," हे ऐकावं लागतंच. पण हात पुढं येत नाही. डबीच्या जागी लवंग आणि बडीशेप ठेवली. सुपारी ठेवू दिली नाही, तीही कॅन्सरची मित्रच.

कुणी उघड बोलत नाही असा त्रास म्हणजे पोट. तंबाखूशिवाय सकाळी मोकळं होत नाही या भीतीनंच कित्येकजण परत खातात. कोमट पाणी, ज्वारीची भाकर, रात्री इसबगोल, एवढ्यावर दोन-तीन आठवड्यांत रुळलं. चिडचिड आणि झोपमोडही त्याच सुमारास ओसरली. घरच्यांनी मात्र तेवढे दिवस सोसलं.

गाऱ्हाणं एकच. सरकारी खिडकीवर औषध बहुतेक वेळा 'शिल्लक नाही', आणि ताईंची बदली झाल्यावर खोलीला कुलूप. बाहेरची गोळी खिशाला जड जाते. म्हणून पुढं राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सरकारी सेवा धरली, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. पुडीवर धोक्याच्या चित्राखाली हाच नंबर छापलेला असतो, इतकी वर्षं पुडी फोडताना तोच फाडत होतो. मराठीत बोलतात, नंतर विचारपूस करायला आपणहून फोनही करतात.

आता दुकानातला पोरगाही सोडायला बघतोय. त्याला लहानपणी फिट यायच्या, त्यामुळे गोळीचं डॉक्टर ठरवतील. तोवर त्याचं क्विटलाइनवर चाललंय. फोन आला की तो युरियाच्या थप्पीमागं जाऊन बोलत बसतो आणि पोती मला उचलावी लागतात.