‘सेबी चेक’: पैसे नेमके कोणाच्या खात्यात चालले आहेत?

बनावट ब्रोकरपासून सावध राहण्यासाठी गुंतवणूकदारांना वर्षानुवर्षे एकच सल्ला दिला गेला आहे, तो म्हणजे समोरच्या संस्थेची सेबीकडील, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडील, नोंदणी तपासण्याचा. सल्ला योग्यच आहे, पण आजच्या फसवणुकीपुढे तो अपुरा पडतो. भामटे आता एखाद्या प्रतिष्ठित ब्रोकरचे नाव, बोधचिन्ह आणि ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होणारा खरा नोंदणी क्रमांक जसाच्या तसा उचलतात. संशय आलेल्या माणसाने तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर शोधला, तर नोंद खरीच निघते आणि त्याचा संशय फिटतो. ‘सेबी चेक’ ही सेवा मला मोलाची वाटते ती यासाठी, की ती थेट पैसे स्वीकारणाऱ्या खात्याची खातरजमा करते.

सेवा सेबीच्या संकेतस्थळावर आणि ‘सारथी’ या मोबाइल अ‍ॅपवर मिळते. यूपीआयने पैसे भरायचे असतील तर ब्रोकरने दिलेला आयडी टाइप करावा किंवा क्यूआर कोड स्कॅन करावा. बँकेतून पाठवायचे असतील तर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड घालावा. ते खाते नोंदणीकृत मध्यस्थाचे (ब्रोकर, म्युच्युअल फंड वगैरे) आहे की नाही, हे तिथेच कळते. जोडीला १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी वेगळे यूपीआय आयडी सुरू झाले आहेत. त्यांत ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि त्याला लागून बँकेचे नाव असते, ब्रोकरच्या आयडीत ‘बीआरके’ आणि म्युच्युअल फंडाच्या आयडीत ‘एमएफ’ ही अक्षरे असतात, आणि पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात वर केलेल्या अंगठ्याचे चिन्ह दिसते. असे आयडी घेणे मध्यस्थांना बंधनकारक आहे, मात्र गुंतवणूकदार बँकेतूनही पैसे पाठवू शकतो. म्हणूनच खाते क्रमांक तपासण्याची सोय मला या सेवेतील सर्वांत उपयुक्त भाग वाटते.

कोकणपट्टीवर तिची गरज अधिक आहे, कारण इथे पैसा हंगामाने येतो. आंब्याचा हिशेब मे अखेरीस हाती पडतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने नौकामालकांना मोकळा वेळ असतो, आणि जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांची मोठी रक्कम एकदम घरी येते. त्यात आपली सवय माणूस कोणाचा, कुठल्या वाडीतला हे पाहून विश्वास टाकण्याची. पतपेढीचा पिग्मी एजंट वर्षानुवर्षे दारात येतो, तिथे ही सवय उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात मात्र आपल्याला जोडणारा गावकरी स्वतःच फसलेला असू शकतो, आणि रोज नफ्याची चित्रे टाकणारे बाकीचे सभासद बहुधा टोळीचेच असतात.

देवगड तालुक्यातील ओळखीच्या एका बागायतदार काकांना अशाच गटातून खाते क्रमांक आला होता. गट चालत होता एका मोठ्या ब्रोकरच्या नावाने, खाते होते कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचे. ‘अरे, एवढी मोठी कंपनी, तिची खाती चार ठिकाणी असणारच,’ असे काका म्हणत होते. तो क्रमांक ‘सेबी चेक’मध्ये नोंदणीकृत म्हणून आढळला नाही, तेव्हा कुठे त्यांनी हात आखडता घेतला. माझ्या दोन तासांच्या समजावणीपेक्षा त्या एका उत्तराचा परिणाम अधिक झाला.

सेवेला मर्यादा आहेत. मोबाइलवरचे अ‍ॅप खरे आहे की बनावट, हे ती सांगत नाही. तिथे बाजाराचे नियम माहीत असावे लागतात. आयपीओमध्ये, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीत, हमखास वाटप मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ते खोटे आहे, कारण किरकोळ गुंतवणूकदाराची रक्कम ‘अस्बा’ पद्धतीने वाटप होईपर्यंत त्याच्या स्वतःच्याच बँक खात्यात रोखून ठेवली जाते. परदेशी संस्थांच्या कोट्यातून स्वस्त शेअर देण्याचे आमिषही खोटे. निवासी भारतीयांना हा मार्ग खुला नाही, हे सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच जाहीर केले आहे. नफा काढून घेण्याआधी ‘कर’ भरा, ही मागणी तर उघड लूट होय. भांडवली नफ्यावरील कर आपण प्राप्तिकर विभागाकडे भरतो, ब्रोकरच्या खात्यात नव्हे. माझ्या मते सर्वांत भक्कम कसोटी डिपॉझिटरीची, म्हणजे आपले शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या संस्थेची आहे. अ‍ॅपवर दिसणारे शेअर सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींच्या विवरणात दिसत नसतील, तर ते विकतच घेतले गेलेले नाहीत आणि पडद्यावर वाढणारा आकडा निव्वळ चित्र आहे.

दुसरी उणीव प्रसाराची आहे. ज्यांना या सेवेची सर्वाधिक गरज आहे, त्या निवृत्त शिक्षकांपर्यंत आणि बागायतदारांपर्यंत तिचे नावही पोहोचलेले नाही. खाडीपलीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात मोबाइलची रेंजही भरवशाची नसते. मोठी रक्कम आरटीजीएसने पाठवण्यासाठी ही माणसे बँकेच्या शाखेतच येतात. तिथल्या कर्मचाऱ्याने शेअर गुंतवणुकीसाठीचे खाते ग्राहकासमोर ‘सेबी चेक’मध्ये घालून दाखवले, तर अनेक संसार वाचतील.

पैसे गेलेच, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर वेळ घालवू नये, कारण तिथे नोंदणीकृत संस्था आणि सूचीबद्ध कंपन्या यांच्याविरुद्धच्या तक्रारी घेतल्या जातात. बनावट ब्रोकरसाठी १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते, आणि ती वाटेत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. फोन करताना व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि समोरचा खाते क्रमांक हाताशी ठेवावा, आणि गटातील संदेश पुसून टाकू नयेत.